परदेशात एकट्याने राहून रिमोट काम करताना: सुरक्षिततेची आणि संपर्काची घडी कशी बसवायची

ऑफिसात जाणारा माणूस एखाद्या दिवशी आला नाही, तर दुपारपर्यंत कुणीतरी चौकशी करतंच. परदेशात एकट्याने राहून लॅपटॉपवर काम करणाऱ्याच्या बाबतीत असं होत नाही. टीमला वाटतं, त्याच्याकडे आता रात्र असेल. घरच्यांना वाटतं, मीटिंग लांबली असेल. घरमालकाला वाटतं, चार दिवस कुठे फिरायला गेला असेल. त्याच्या गप्प असण्याचं प्रत्येकाकडे एक पटण्यासारखं कारण असतं, त्यामुळे कुणीच हालचाल करत नाही. बाथरूममध्ये घसरून पडलेला किंवा तापाने फणफणलेला माणूस दोन-दोन दिवस तसाच पडून राहू शकतो, तो एवढ्यामुळेच.

पाकीटमारी, फसवणूक, रात्रीचे रस्ते यांबद्दलचे सल्ले उपयोगाचे आहेतच. पण पहिल्यांदा निघणाऱ्याने सुरुवात एका प्रश्नापासून करावी असं मला मनापासून वाटतं: मी गप्प झालो, तर ते किती तासांत कुणाच्या लक्षात येईल, आणि तो माणूस पुढे नेमकं काय करेल? याचं उत्तर नावानिशी आणि वेळेनिशी कागदावर लिहिता आलं नाही, तर तयारी झालेली नाही असं समजा. हे उत्तर ज्या क्रमाने तयार होतं, त्या क्रमाने खालच्या पायऱ्या दिल्या आहेत.

पायरी १: खबर ठेवणारी माणसं ठरवा

किमान तीन माणसं हवीत. दोन लांबची आणि एक जवळचं.

लांबच्या दोघांपैकी एकजण रोजची खुशाली बघेल आणि दुसरा त्याच्या गैरहजेरीत जबाबदारी घेईल. दोघं वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये असतील तर उत्तम, कारण मग एकाची मध्यरात्र असते तेव्हा दुसरा जागा असतो. निवड करताना प्रेमापेक्षा स्वभाव बघा. आई-वडील सगळ्यात जास्त काळजी करतात, पण तेच पहिले असायला हवेत असं मुळीच नाही. अर्ध्या तासात घाबरून दहा जणांना फोन करणारा माणूस या कामाला चालत नाही. ‘झोपला असेल’ म्हणून स्वतःही झोपून जाणारा तर त्याहून चालत नाही. ठरल्या वेळेला ठरलेली गोष्ट शांतपणे करणारी बहीण, मित्र किंवा जुनी सहकारी शोधा, आणि त्यांना स्पष्ट विचारून होकार घ्या. गृहीत धरू नका.

जवळचं माणूस म्हणजे त्याच शहरातलं, तुमच्या दारावर येऊन थाप मारू शकेल असं कुणीतरी. नवखे लोक हीच गोष्ट विसरतात. हजारो किलोमीटरवरून बहीण कितीही फोन करो, दार तिला वाजवता येत नाही. घरमालक, शेजारी, इमारतीचा राखणदार, को-वर्किंग जागेच्या (भाड्याने टेबल मिळणाऱ्या सामायिक ऑफिसच्या) काउंटरवर बसणारी व्यक्ती, कुणीही चालेल. पहिल्या आठवड्यातच त्यांची ओळख करून घ्या, त्यांचा नंबर लांबच्या दोघांना द्या आणि सांगून ठेवा: ‘मी इथे एकटाच असतो, माझ्या घरून तुम्हाला फोन आला, तर कृपा करून एकदा दार वाजवा.’ एवढं सांगितल्याचं कुणालाच ओझं वाटत नाही. भाषा येत नसेल तर हेच वाक्य त्यांच्या भाषेत लिहून दाखवा.

चौथं माणूस कंपनीतलं. मॅनेजरला किंवा एचआरला तुमचा सध्याचा देश, शहर आणि लांबच्या दोघांचे नंबर माहीत असू द्या. तुम्ही कुणाला न सांगता तिसऱ्याच देशातून काम करत असाल, तर कंपनी तुम्हाला चुकीच्या देशात शोधत बसेल.

पायरी २: रोजची खुशाली आणि गप्प राहण्याचा अर्थ

दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, दहा सेकंदांत होईल असा निरोप. बस. ‘रात्रीचे ९, खोलीवर, ठीक आहे. उद्या सकाळी बसने पुढच्या गावी, दुपारी ३ पर्यंत पोचेन.’ यात चार गोष्टी आल्या: वेळ, जागा, तब्येत आणि पुढचा बेत. नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवू नका. फोन दुसऱ्या कुणाच्या हातात असला तर तोही अंगठा पाठवू शकतो.

खुशाली आणि गप्पा वेगळ्या ठेवा, हे माझं आग्रहाचं सांगणं. रोज अर्धा तास व्हिडिओ कॉल करायचा असं ठरवलं, की पहिले दोन आठवडे उत्साहात जातात, मग मीटिंगा आडव्या येतात, एक दिवस चुकतो, मग दोन, आणि शेवटी चुकणं हेच नेहमीचं होऊन बसतं. एकदा तसं झालं की तुमच्या गप्प राहण्याला काही अर्थच उरत नाही. गप्पा आठवड्यातून एकदा निवांत मारा. खुशाली मात्र छोटी, कंटाळवाणी आणि न चुकणारी असू द्या.

वेळ ठरवताना ती कुणाच्या घड्याळाची, हे नक्की करा. युरोपात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे वर्षातून दोनदा काही दिवस दोन्हीकडच्या वेळांचा मेळ एका तासाने हुकतो, आणि पुष्कळ देशांत घड्याळ बदलतच नाही. खुशालीची वेळ तुमच्या मुक्कामाच्या घड्याळाप्रमाणे ठेवा आणि लांबच्या माणसाच्या फोनमध्ये त्या शहराचं घड्याळ लावून द्या.

लोकेशन शेअरिंगवर पूर्ण भिस्त ठेवू नका. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन एका वेळी जास्तीत जास्त ८ तास चालतं. गूगल मॅप्सवरचं तुम्ही बंद करेपर्यंत चालू ठेवता येतं. दोन्ही उपयोगी आहेत, विशेषतः रात्रीच्या टॅक्सीत किंवा एकट्याने डोंगर चढताना. पण नकाशावरचा ठिपका फोन कुठे आहे तेवढंच सांगतो. फोनचा मालक शुद्धीवर आहे की नाही, ते त्याला कळत नाही.

पायरी ३: निरोप आला नाही तर काय करायचं, हे तासांनिशी लिहा

सगळ्या मार्गदर्शकाचा गाभा हा. लांबच्या माणसाला त्या क्षणी विचार करायला लागू नये, कागद बघून पुढची गोष्ट करता यावी. एक नमुना देतो. तास तुमच्या सोयीने कमीजास्त करा.

- रात्री ९: खुशालीची वेळ.
- ११ पर्यंत: वाट बघायची. नेटवर्क गेलं असेल, झोप लागली असेल.
- ११ वाजता: निरोप पाठवायचा आणि साधा फोनही करायचा. फक्त ॲपवरचा कॉल पुरेसा नाही. इंटरनेट गेलं तरी साधा फोन लागू शकतो.
- १२ वाजता: शहरातल्या जवळच्या माणसाला फोन. ‘दार वाजवून बघता का?’ त्याच वेळी दुसऱ्या लांबच्या माणसाला कळवायचं.
- दार उघडलं नाही किंवा जवळचं माणूस सापडलं नाही, तर: त्या भागातलं पोलीस ठाणं आणि जवळचं मोठं रुग्णालय.
- सकाळपर्यंत पत्ता नाही, तर: आपल्या देशाच्या दूतावासाचा आणीबाणीचा नंबर आणि कंपनी.

तुम्ही आधीच आजारी असाल, कुणी धमकावलं असेल किंवा एकट्याने प्रवासात असाल, तर या वेळा निम्म्यावर आणायच्या, हेही त्याच कागदावर लिहा.

पोलिसांच्या नंबराबाबत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ११२, ९११, ९९९ यांसारखे छोटे नंबर ज्या देशातून फिरवाल त्याच देशात लागतात. तुम्ही लिस्बनमध्ये आहात आणि बहिणीने दुसऱ्या देशातून ११२ फिरवला, तर तो तिच्याच देशातल्या यंत्रणेकडे जाणार किंवा लागणारच नाही. म्हणून स्थानिक पोलीस ठाण्याचा आणि रुग्णालयाचा पूर्ण नंबर, देशाच्या कोडसकट, तिच्याकडे आधीपासून हवा. तुम्हाला स्वतःला मात्र छोटे नंबर पाठच हवेत. युरोपीय संघात सगळीकडे ११२ चालतो, अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९ (११२ सुद्धा), ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. जपानमध्ये पोलिसांना ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमनाला ११९. ‘सिम नसलं तरी आणीबाणीचा फोन लागतोच’ या समजुतीवर राहू नका. जर्मनीत सिमशिवाय तो लागत नाही.

पायरी ४: माहितीचं पाकीट

एकच फाइल, पासवर्ड लावलेली, दोन्ही लांबच्या माणसांकडे. त्यात पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि त्यांचा चोवीस तासांचा फोन, राहण्याचा पत्ता, जवळच्या माणसाचं नाव-नंबर, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, अलीकडचा चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो, आणि फोनचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक). हा शेवटचा क्रमांक डायलरवर *#०६# दाबलं की दिसतो. कुणी हरवल्याची तक्रार देताना पोलीस हेच सगळं विचारतात, आणि अशा वेळी घरच्यांना शोधाशोध करावी लागली तर तास निघून जातात.

पत्ता त्या देशाच्या लिपीतही घ्या. बँकॉकमधला किंवा सोलमधला पत्ता रोमन अक्षरांत वाचून दाखवून रुग्णवाहिका पोचेलच असं नाही. घराला नीट पत्ताच नसेल, तर गूगल मॅप्सवरचा प्लस कोड (पत्त्याऐवजी जागा दाखवणारा छोटा कोड) लिहून ठेवा. मजला, खोली क्रमांक आणि बाहेरच्या दरवाजाचा कोड यांचीही नोंद करा. इमारतीच्या खाली उभ्या राहिलेल्या माणसाला वर यायला याच गोष्टी लागतात.

याच माहितीतला तातडीचा भाग तुमच्या अंगावर हवा. फोनमध्ये मेडिकल आयडी भरून लॉक स्क्रीनवरून दिसेल असा ठेवा, आणि खिशातल्या पैशांच्या पाकिटात एक साधं कार्ड ठेवा: नाव, रक्तगट, ॲलर्जी, दोन फोन नंबर, विम्याचा नंबर. बॅटरी संपली तरी कार्ड वाचता येतं.

पायरी ५: फोन गेला तर?

इथे थोडं थांबू या, कारण रिमोट काम करणाऱ्याचं सगळं जग एका फोनवर लटकलेलं असतं.

समजा, संध्याकाळी सहाला बसमध्ये फोन चोरीला गेला. खोलीवर येऊन लॅपटॉप उघडला. ईमेलचा पासवर्ड टाकला. नव्या ठिकाणाहून लॉगिन म्हणून त्याने कोड मागितला, आणि कोड गेला चोराच्या हातातल्या सिमवर. बँकेचं ॲप फोनमध्ये. कंपनीच्या व्हीपीएनसाठी (इंटरनेटवरून सुरक्षितपणे जोडून देणाऱ्या सोयीसाठी) लागणारा ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनचे कोड तयार करणारं ॲप, तोही फोनमध्ये. सिम बंद करायला कंपनीला फोन करायचा, तर फोन नाही. घरी कळवायचं, तर एकही नंबर पाठ नाही. रात्री ९ ची खुशाली तीन तासांवर आलेली.

यातली प्रत्येक गाठ निघण्याआधी सोडवता येते. दोन नंबर तोंडपाठ करा, अगदी शाळेतल्या पाढ्यांसारखे. ऑथेंटिकेटर दुसऱ्या उपकरणावरही चालू करा. जुना फोन याला उत्तम, तो सामानात वेगळा ठेवा आणि आठवड्याला एकदा चार्ज करा. अशा ॲपमधले कोड फोनच्या घड्याळावरून तयार होतात, त्यांना नेटवर्क लागत नाही, म्हणून एसएमएसच्या ओटीपीपेक्षा परदेशात ते कितीतरी भरवशाचे. जिथे जिथे सोय आहे तिथे ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर, पासकी (पासवर्डऐवजी उपकरणाच्याच लॉकने होणारं लॉगिन) किंवा हार्डवेअर सिक्युरिटी की (लॉगिनसाठी उपकरणाला जोडायची छोटी किल्ली) निवडा. बॅकअप कोड, म्हणजे फोन नसताना लॉगिनला चालणारे आधीच मिळालेले कोड, छापून घ्या. गूगल एका वेळी १० कोड देतं आणि प्रत्येक एकदाच चालतो. ती चिठ्ठी पासपोर्टबरोबर ठेवू नका, वेगळी ठेवा.

सिमला पिन लावा, नाहीतर चोर ते दुसऱ्या फोनमध्ये घालून तुमचे ओटीपी घेऊ शकतो. आयफोनमध्ये ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ ही सोय आयओएस १७.३ पासून आहे. ती चालू केली की पासकोड पाहिलेल्या चोरालाही अनोळखी ठिकाणी ॲपल खात्याचा पासवर्ड लगेच बदलता येत नाही. अँड्रॉइडमध्येही चोरीपासून संरक्षणाची सेटिंग्ज आहेत, ती शोधून चालू करा. लॅपटॉपमधली माहिती कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर (विंडोजवर) किंवा फाइलव्हॉल्ट (मॅकवर) चालू आहे ना, हे बघा आणि त्याची रिकव्हरी की लॅपटॉपच्या बाहेर ठेवा.

चोरी झाल्यावरचा क्रम: आधी सिम बंद, मग फोन दुरून लॉक, मग बँक, मग कंपनीचा आयटी विभाग, आणि त्याच वेळी लांबच्या दोन माणसांना निरोप. शेवटची गोष्ट राहून जाते आणि तीच अंगाशी येते, कारण चोर तुमच्याच खात्यावरून ‘अडकलोय, पैसे पाठव’ असा निरोप त्यांना धाडू शकतो.

पैशांची दोन कार्डं, दोन वेगळ्या बँकांची, दोन वेगळ्या जागी. थोडी रोकड तिसऱ्या जागी. याहून जास्त काही करायची गरज नाही.

पायरी ६: सिम आणि इंटरनेट

प्रवासासाठी मिळणाऱ्या बऱ्याच ई-सिमवर (कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणाऱ्या सिमवर) फक्त डेटा असतो, फोन नंबर नसतो. कामाला ते पुरतं, पण रुग्णवाहिकेच्या चालकाला किंवा घरमालकाला तुम्हाला उलट फोन करता येत नाही. महिन्याहून जास्त राहणार असाल तर आवाजी कॉलचं स्थानिक सिम घ्याच. आणि आपला घरचा नंबर जिवंत ठेवा. बँकेचे संदेश तिथेच येतात आणि वेळेवर रिचार्ज न केल्यास तो नंबर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. रोमिंगवर एसएमएस येतो का, हे विमानात बसण्याआधी सिम कंपनीकडून पक्कं करून घ्या.

रोजचं संपर्काचं ॲप प्रत्येक देशात चालेलच असं नाही. चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गूगलच्या सेवा बंद आहेत. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मजकूर जातो, पण त्यावरच्या कॉलवर अनेक वर्षं निर्बंध आहेत. व्हीपीएन हा सगळीकडे निर्धोक तोडगा नाही, काही देशांत त्याच्या वापरावर कायद्याने बंधनं आहेत. कंपनीचा व्हीपीएन वापरण्याआधीही तिथला नियम वाचा. म्हणून संपर्काचे तीन मार्ग ठरवा: पहिलं ॲप, दुसरं ॲप, आणि साधा एसएमएस किंवा ईमेल. कुठला मार्ग कोणत्या क्रमाने वापरायचा, हे दोन्हीकडच्यांना माहीत हवं.

दुर्गम भागात जाणार असाल तर उपग्रहावरून निरोप देणारं उपकरण भाड्याने घेता येतं. आयफोन १४ आणि पुढच्या मॉडेलांत उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे, पण ती निवडक देशांतच चालते. उपग्रह फोन आणि तत्सम उपकरणं काही देशांत परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा ठरतं, भारतही त्यांत आहे. विकत घेण्याआधी हे तपासा.

पॉवर बँक नेहमी केबिन सामानात, चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची साधारण सगळीकडे चालते, ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ती अंदाजे २७,००० एमएएच होते.

पायरी ७: व्हिसा आणि विमा

व्हिसा हा कागदोपत्री विषय वाटतो, पण त्याचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. पर्यटक व्हिसावर काम करणं ज्या देशात चालत नाही तिथे ते करत असलेला माणूस चोरी झाली, मारहाण झाली, घरमालकाने अडवलं, तरी पोलिसांकडे जायला कचरतो. फसवणारे लोक नेमकं हेच ओळखून असतात. आता रीतसर मार्ग पुष्कळ आहेत: एस्टोनियाने २०२० मध्ये डिजिटल नोमॅड व्हिसा (परदेशात राहून रिमोट काम करणाऱ्यांसाठीचा) सुरू केला, जपानने २०२४ मध्ये सहा महिन्यांचा दिला, पोर्तुगाल, स्पेन, क्रोएशियाकडेही तशी सोय आहे. उत्पन्नाच्या अटी बदलत राहतात, त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच वाचा. शेंगेन भागात (आपसातल्या सीमा खुल्या असलेल्या युरोपीय देशांत) व्हिसाशिवाय किंवा अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, हा हिशेब स्वतः ठेवा.

काही देशांत पोचल्यावर पत्त्याची नोंद करावी लागते. चीनमध्ये २४ तासांत. हॉटेल ते करतं, पण खासगी घरात उतरलात तर जबाबदारी तुमची. हा त्रास वाटला तरी करा. तुम्ही कुठे राहता याची सरकारी नोंद अडचणीच्या वेळी तुमच्याच कामाची असते.

आपल्या देशाच्या दूतावासाकडे नागरिकांच्या नोंदणीची सोय असेल तर पोचताच नाव नोंदवा. अटक झाली तर दूतावासाला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ ने दिला आहे. पोलिसांसमोर तो शब्दांत मागा. दूतावास वकिलांची यादी देतो, घरी कळवतो, हरवलेल्या पासपोर्टाऐवजी प्रवासाचा कागद देतो. तुरुंगातून सोडवणं त्याच्या हातात नसतं, आणि रुग्णालयाचं बिल तो भरेल असं धरून चालू नका. बिलासाठी विमाच लागतो.

विम्यात तीन ओळी शोधा. रुग्णाला दुसऱ्या शहरात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च आहे का. काम करत असताना पॉलिसी लागू राहते का, कारण काही पॉलिसी फक्त सुट्टीसाठी असतात. आणि दुचाकीचं काय. वैध परवान्याशिवाय स्कूटर चालवताना अपघात झाला तर दावा बहुधा फेटाळला जातो. आंतरराष्ट्रीय परवाना असला तरी त्यावर दुचाकीचा शिक्का हवा.

पायरी ८: खोली

पहिल्या संध्याकाळी दहा मिनिटं द्या. दार आतून नीट लागतं का, खिडकीची कडी धड आहे का, आग लागली तर दुसरा रस्ता कुठून, जिन्यापर्यंत किती दारं आहेत, हे चालून बघा. दाराखाली बसणारी रबरी पाचर सामानात ठेवा. किल्ली दुसऱ्या कुणाकडे असली तरी दार सहज ढकलता येत नाही.

गॅसचा गिझर, शेगडी किंवा हीटर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म बरोबर न्या. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपेत माणूस जातो. घरात असताना डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर पडलं की बरं वाटतं, असं झालं तर खिडक्या उघडून लगेच बाहेर पडा आणि मदत बोलवा. एकट्याला सोबत कुणी नसल्यामुळे हे लक्षात यायला उशीर होतो, म्हणून अलार्म हवाच.

पायरी ९: खुणेचा शब्द

तुम्ही परदेशात एकटे आहात हे ज्यांना माहीत आहे, ते तुमच्या घरच्यांना गाठू शकतात. ‘तुमच्या मुलाला अटक झालीय, आत्ता पैसे भरा’ हा फोन जुना. आता त्यात तुमच्या आवाजाची नक्कलही असू शकते. म्हणून घरात एक शब्द ठरवा, कुठेही न लिहिलेला, सोशल मीडियावरून अंदाज न येणारा. पैसे मागणारा फोन आला की घरच्यांनी तो शब्द विचारायचा. नाही सांगता आला, की फोन ठेवायचा आणि तुमच्या ओळखीच्या नंबरवर उलट फोन करायचा.

दुसरा शब्द उलट कामासाठी: ‘मला मोकळेपणाने बोलता येत नाही, मदत पाठवा.’ तो रोजच्या बोलण्यात खपेल असा असावा. न भेटलेल्या नातेवाइकाचं नाव याला चांगलं चालतं. ‘काकूंना नमस्कार सांग’ असं म्हटलं आणि अशा काकू नाहीतच, की ऐकणाऱ्याला कळतं.

फोटो जागा सोडल्यावर टाका. व्हिडिओ मीटिंगमध्ये मागची खिडकी, इमारतीचं नाव, समोरचा चौक दिसत नाही ना, हे बघून पार्श्वभूमी झाका. क्लायंटच्या पंचवीस माणसांना तुमची खोली ओळखता यायचं काही कारण नाही.

पायरी १०: आजारपण आणि एकटेपण

औषधांची चिठ्ठी मूळ रासायनिक नावाने लिहून घ्या, ब्रँडच्या नावाने नको. दम्याचं सालब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणून मिळतं, पॅरासिटामॉल ॲसिटॅमिनोफेन म्हणून. काही साधी वाटणारी औषधं सीमेवर अडवली जातात: जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांना मनाई आहे, अमिरातीत कोडीन किंवा ट्रॅमाडॉल नेण्यासाठी आधी परवानगी लागते. ताप आला, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी खुशाली दिवसातून तीनदा करा आणि जवळच्या माणसाला सांगा. ‘उगाच कशाला कुणाला त्रास’ हा विचार एकट्याने राहणाऱ्यांना फार महागात पडतो.

एकटेपणाची सुरुवात हळूहळू होते. आठवडाभर कुणाशी समोरासमोर बोलणं झालेलं नसतं, जेवणाच्या वेळा सुटतात, कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा होतात. खुशालीत ‘ठीक आहे’ असंच जातं, म्हणून लांबच्या माणसाला एक मोकळीक द्या: सलग काही दिवस निरोप आखूड होत चालले, तर त्याने थेट फोन करून विचारावं. आणि आठवड्यातून दोनदा तरी अशा ठिकाणी जा जिथे तुम्ही आला नाहीत हे कुणाच्या तरी लक्षात येईल: भाषेचा वर्ग, व्यायामशाळा, को-वर्किंगची ठरलेली खुर्ची. मन मोकळं होतंच, शिवाय त्या शहरात तुमची विचारपूस करणारं आणखी एक माणूस तयार होतं. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला आणि लांबच्या माणसालाही सांगा. खुशालीत ते लिहायला लाज वाटायचं कारण नाही.

पायरी ११: निघण्याआधी रंगीत तालीम

एक शनिवार काढा. फोन बंद करून कपाटात ठेवा आणि फक्त लॅपटॉप व छापलेले कोड यांवर ईमेल, बँक आणि कंपनीच्या खात्यात शिरून दाखवा. जिथे अडाल तिथे दुरुस्ती करा. त्याच रात्री, फक्त पहिल्या माणसाला आधी सांगून, खुशाली चुकवा आणि दुसऱ्या माणसाला कागदावरचा क्रम पाळू द्या. नंबर चुकीचा निघतो, फाइल उघडत नाही, देशाचा कोड राहिलेला असतो. हे सगळं तालमीतच कळलेलं बरं.

नंतर शहर बदललं की नवा पत्ता, नवं जवळचं माणूस, नवे पोलीस आणि रुग्णालयाचे नंबर माहितीच्या पाकिटात भरा, ‘पाकीट बदललं’ असं दोघांना कळवा, त्यांचं ‘मिळालं’ असं उत्तर येऊ द्या, आणि मगच पुढच्या गाडीत बसा.